प्लंबर, दुसरा मजला

शिवाजी पार्कातल्या एका सोसायटीच्या रजिस्टरात माझी नोंद ‘प्लंबर, दुसरा मजला’ अशी झाली आहे. निळ्या शाईत, ठसठशीत अक्षरात. वॉचमनला तरी काय बोलणार? खांद्याला कळकट पिशवी, तिच्यातून डोकावणारी मेजर टेप, आणि मी म्हणालो, “वरचं बाथरूम बघायचंय.”

बघायचा होता फ्लॅट. तोही माझ्यासाठी नाही, न्यूजर्सीतल्या मेहुण्यासाठी. “भावोजी, आधी बाथरूम बघा आणि कार्पेट एरिया मोजून घ्या, तुम्ही तसे मोकळेच असता,” असा त्याचा निरोप. त्याला म्हणे मुलांसाठी दादरमध्ये मुळं घेऊन ठेवायची आहेत. पैसे त्याचे, गुडघे माझे; इमारतीला लिफ्ट नाही.

फ्लॅटचं फार सांगण्यासारखं नाही. इमारत चाळीसच्या दशकातली, गोलाकार बाल्कनीची, देखणी. आत मात्र मोबाइलचं शोरूम. रंगीत मोझॅक लाद्या उखडून पांढऱ्या व्हिट्रिफाइड टाइल्स, सागवानी दारं कुणाला तरी विकून लॅमिनेट, आणि ज्या उंच छतासाठी माणूस जुनं घर घेतो ते फॉल्स सीलिंगनं दीड फूट खाली आणलेलं. “फुल्ली रिनोव्हेटेड सर, शंभर वर्षांची हिस्ट्री,” ब्रोकर म्हणाला. मैदान १९२५ साली खुलं झालं तेव्हा त्याचं नाव माहीम पार्क होतं, शिवाजी पार्क हे नाव १९२७ मध्ये आलं, असं मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, “व्हॉट्सॲप करा ना सर, पार्टीला पाठवता येईल.” आणि फोनवर बोलायला बाल्कनीत गेला.

म्हटलं, एकदा खाली जाऊन पार्किंग बघून येऊ, मग निवांत मोजू. पहिल्या मजल्यावर जिन्यातच एका आजोबांनी मला दंडाला धरलं. बंडी, पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा, हातात टॉर्च.

“नऊचा वायदा होता तुमचा! चला.”

“अहो, मी—”

“चपला राहू देत. आणि अगं ए, प्लंबर आलाय, चहा टाक!”

त्यांच्या न्हाणीघराच्या छताला ओल आली होती. तिच्याभोवती पेन्सिलीची रेघ आणि रेघेशी तारीख. बाहेरून दुसरी रेघ, तिसरी, अशा सात. दाराच्या चौकटीवर नातवंडांची उंची मांडतात, तशी यांनी ओल वाढवली होती.

“ही गणपतीतली. ही दिवाळीची, पाडव्याला एकदम चार इंच! वरच्यानं मोरी फोडून काचेचा शॉवर बसवला आणि हे सुरू झालं. बिडाचा पाइप जुनाच, वरून नुसती टाइल मारली. नहाणी ट्रॅपपाशी वॉटरप्रूफिंग केलंच नाही. बरोबर?”

“बरोबर,” मी म्हणालो. काय करू? इतक्या विश्वासानं मला घरीसुद्धा कुणी काही विचारत नाही. मी स्टुलावर चढून छतावर बोटानं टकटक केली, एक पोपडा डोळ्यात पाडून घेतला आणि ‘हं’ म्हणालो. चहा आला. आलं घातलेला. दुसऱ्या मजल्यावर साडेपाच कोटींच्या फ्लॅटमध्ये मला कुणी पाणी विचारलं नव्हतं.

“किती घ्याल?” त्यांनी विचारलं, तेव्हा मात्र कबूल करावं लागलं.

टॉर्च विझला. “म्हणजे घेणार तुम्ही?”

“मेहुणा. अमेरिकेत असतो.”

“म्हणजे तुम्ही प्लंबर नाही, आणि गिऱ्हाईकही नाही.” त्यांची नजर माझ्या कपाकडे गेली. मी उरलेला चहा एका घोटात संपवला.

मग कळलं की आजोबा सोसायटीचे खजिनदार. आवाजच बदलला. “भाड्यानं देणार असेल तर नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, सेवाशुल्काच्या १० टक्के. ट्रान्स्फर प्रीमियम २५,०००, त्याच्यावर घेता येत नाही, सरकारनं हात बांधलेत. फ्लॅट ट्रान्स्फर करायला सोसायटीची एनओसी लागत नाही असं उपविधींत लिहिलंय. पण बँक मागतेच. आणि ती देतं कोण?” त्यांनी टॉर्च स्वतःच्या छातीला लावला.

विनोद बाजूला ठेवतो. साडेपाच कोटींवर ६ टक्के, म्हणजे ३३ लाख मुद्रांक शुल्क. नोंदणीचे ३०,००० वेगळे. पावसाची गळती सोसायटीनं निस्तरायची, संडास-मोरीची सभासदानं, असा नियम. म्हणजे ज्यानं टाइल मारली तो पैसे घेऊन सुटणार आणि सात रेघा मेहुण्याच्या पदरात पडणार. ब्रोकरला खाली बोलावून ओल दाखवली तर म्हणतो, “सर, हेरिटेज एरियात इतकं चालतं.” चालतं? तुझ्या डोळ्यात पोपडा गेलाय का?

तणतणत फाटकापर्यंत पोचलो तोच वरून हाक आली.

“ओ प्लंबर! टेप राहिली तुमची!”

कोण आहे हे पुरतं कळल्यावर मारलेली हाक. आणि मी वळलो! त्याचाच जास्त राग आहे. वर गेलो तर आजोबा स्टूल लावूनच उभे.

“टेप आहेच तर तेवढं मोजून जा. माझा हात पोचत नाही हल्ली.”

दोन फूट सात इंच भरली. त्यांनी टोक काढलेली पेन्सिल माझ्याच हातात दिली, म्हणून आठवी रेघ मीच मारली. कार्पेट मोजायचं राहिलंच.