रोधकतेचा आकडा कमी म्हणजे पाणी नव्हे

उन्हाळा लागला की व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर फिरू लागतो: विद्युतरोधकता, म्हणजे जमीन विजेला किती अडवते ते, मोजणारे यंत्र जमिनीखालचे पाणी दाखवते, आकडा सर्वांत कमी तिथे हमखास पाणी असते, आणि ते किती फुटांवर व किती इंच लागेल हेही यंत्रच सांगते.

यंत्र पाणी दाखवत नाही. बाहेरच्या दोन सळयांतून जमिनीत वीज सोडायची, आतल्या दोन सळयांमधले विभवांतर (व्होल्टेज) मोजायचे आणि सळयांच्या अंतरांवरून रोधकता ओहम-मीटरमध्ये काढायची, एवढेच ते काम आहे. बाकी सारे अनुमान असते.

कमी आकड्याचा दावा सर्वांत महागात पडणारा आहे. दख्खनच्या पठारावर अखंड काळ्या पाषाणाची रोधकता शेकडो ओहम-मीटर भरते, पाणी धरणाऱ्या मुरमाची बहुधा दोन आकडी असते, आणि चिकणमातीची अनेकदा दहाच्याही खाली जाते. लाव्हाच्या दोन थरांमध्ये सापडणारा तांबडा गेरूही विजेला सहज वाट देतो, पाण्याला मात्र फारशी देत नाही. विदर्भात पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात तर आकडा खाली येतो तो क्षारांमुळे, आणि तिथे लागलेले पाणी पिकाच्या कामाचे नसते. म्हणजे सर्वांत कमी आकड्याची जागा कित्येकदा टाळण्याची जागा ठरते.

‘किती फुटांवर’ याचे उत्तर मिळते, पण ढोबळ. बाहेरच्या सळया शंभर मीटरवर नेल्या म्हणजे शंभर मीटर खोलीचे वाचन झाले, हा समज निराधार आहे. शिवाय दोन कठीण थरांमध्ये खोलवर दबलेला, २० ओहम-मीटरचा ५ मीटर जाड थर आणि ४० ओहम-मीटरचा १० मीटर जाड थर यांचे आलेख, म्हणजे सळयांचे अंतर वाढवत घेतलेल्या आकड्यांच्या रेषा, जवळपास सारखेच येतात. त्यांतला खरा कोणता, हे शेजारच्या विहिरीचे कातळ पाहिल्याशिवाय ठरवता येत नाही. तीनशे फुटांवरची दोन फुटी भेग तर आलेखात उमटतच नाही, आणि बोअरला पाणी लागते ते बहुधा अशाच भेगांतून.

इंचांविषयी थोडक्यात: पाण्याचा ओघ ही पद्धत मोजत नाही. तो पंप लावून उपसा केल्यावरच कळतो.

तरीही ही पद्धत टाकाऊ नाही. मुरमाची जाडी किती आणि कातळ कुठे सुरू होतो, हे ती बऱ्यापैकी सांगते, त्यामुळे खोदविहिरीची जागा निवडताना ती विशेष उपयोगी पडते. फक्त पुरलेली लोखंडी पाइपलाइन, तारेचे कुंपण आणि डीपीचे अर्थिंग यांपासून सळया दूर ठोकाव्या लागतात.