मिस्त्री जेवायला गेला नव्हता

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू रात्री मुलानं वाचून दाखवला. एक स्टार दिलात. तुम्हाला थंडीत कोमट पाण्यानं आंघोळ करावी लागली, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. तुमच्या सोलर वॉटर हीटरचा बिघाड नोव्हेंबरच्या पहिल्या भेटीतच सापडायला पाहिजे होता, तो सापडला नाही, ही आमची चूक. ती मी नाकारत नाही.

पण तुम्ही शेवटी जी ओळ लिहिलीत, "मिस्त्री १ वाजता जेवायला गेला तो ३ वाजता उगवला, असल्या लोकांना काम देऊ नका," ती वाचून मला झोप लागली नाही. म्हणून सविस्तर सांगायलोय. बाकीचे लोकही वाचतील, त्यांनाही कळू द्या.

आमच्या दुसऱ्या भेटीचा तो दिवस गुरुवार होता. आमच्या मिस्त्रीचा गुरुवारी उपवास असतो. माझ्याकडं ते बावीस वर्षं आहेत, एका गुरुवारी दुपारी त्यांनी घास घेतलेला मी पाहिला नाही. तर जेवायला जायचा प्रश्नच कुठं येतो? ते १ वाजून १० मिनिटांनी तुमच्या गच्चीवरून उतरले, कारण पाऊण इंची पितळी नॉन रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं जाऊ न देणारा) पाहिजे होता आणि पेटीत होता अर्धा इंची. १:२५ ला ते दुकानात आले. माझ्याकडंही पाऊण इंची संपला होता (ही माझी चूक, धरा). मग मी त्यांना गंजगोलाईत पाठवलं. लातूर तुम्हाला नवीन आहे म्हणून सांगतो, गोलाईला १६ रस्ते येऊन मिळतात आणि दुपारी त्यातला एकही मोकळा नसतो. तरी १:५५ ला ते व्हॉल्व्ह घेऊन तुमच्या गेटवर हजर होते.

गेटला आतून कुलूप होतं. लाईट गेलेली, बेल वाजेना. त्यांनी मॅडमना २ वेळा फोन लावला, २:०२ ला आणि २:२० ला, फोनमध्ये नोंद आहे. मॅडमचा डोळा लागला असेल, त्यात त्यांचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. दुपारच्या वेळी दुसऱ्याच्या गेटवर दगड आपटायची आमच्याकडं पद्धत नाही. मिस्त्री समोरच्या लिंबाखाली बसून राहिले. २:५० ला आजींनी गच्चीवरून बघितलं आणि खाली येऊन गेट उघडलं. आजींना विचारा. त्यांनीच त्यांना शेंगदाणे आणि गुळाचा खडा दिला. तुमच्या गेटवर कॅमेरा आहे, तो इन्व्हर्टरवर असला तर त्यातही दिसेल.

आता पाण्याचं.

तुमच्याकडं २० ट्यूबचा, २०० लिटरचा सोलर आम्ही एप्रिलमध्ये बसवला. एप्रिल ते जुलै तुमची एकही तक्रार नव्हती. उलट मेमध्ये आजी म्हणाल्या की पाणी फार कडक येतंय, हात पोळतो. ऑगस्टमध्ये वरच्या बाथरूमला शॉवरचा जोर कमी म्हणून तुम्ही दुसऱ्या माणसाकडून गार पाण्याच्या लाईनवर प्रेशर पंप बसवून घेतलात. तुमचं घर, तुमची मर्जी. पण आम्हाला विचारलं असतं तर एक गोष्ट सांगितली असती.

सोलरच्या टाकीतलं पाणी नुसत्या उंचीवर खाली उतरतं. तुमच्या गच्चीवरून वरच्या बाथरूमपर्यंत १० फूट धरा, म्हणजे दाब जेमतेम ०.३ किलो. त्या पंपाचा दाब दीड किलोच्या वर. दोन्ही पाणी मिक्सरमध्ये एकत्र येतं. आता तुमच्याकडं होतं असं, की हँड शॉवर मुठीपाशी दाबून बंद करतात आणि मिक्सरच्या दोन्ही चाव्या तशाच उघड्या राहतात. बाहेर जायला वाट नाही, मग जोरातलं गार पाणी गरम पाण्याच्या पाइपात घुसतं आणि उलटं चढत सोलरच्या टाकीत जातं. दिवसभर उन्हात तापलेलं पाणी हवेच्या नळीतून गच्चीवर सांडतं आणि टाकी रात्रीतून गार होते. तुम्ही "टाकी गळते" लिहिलंय ना, टाकी गळत नाही सर, ते हेच पाणी. आणि मॅडम म्हणाल्या होत्या की रात्री कुणी नळ सोडलेला नसताना पंप आपोआप सुरू होतो. ती खूण आमच्या मिस्त्रीनं गुरुवारी ओळखली. नोव्हेंबरमध्ये ओळखायला पाहिजे होती, हे परत कबूल करतो. पण नोव्हेंबरमध्ये आम्हाला पंपाबद्दल कुणी बोललं नाही, आणि तो पंप जिन्याखाली भांड्यांच्या कपाटामागं आहे.

नोव्हेंबरच्या भेटीत आम्ही क्षार काढला, त्याचे १,२०० घेतले. त्यावर तुम्ही लिहिलंय की "बोअरचं पाणी काचेसारखं स्वच्छ आहे, क्षाराचं कारण सांगून पैसे उकळतात." सर, उकळतात हा शब्द लागला. पाणी स्वच्छ दिसणं वेगळं आणि जड असणं वेगळं. तुमचा बोअर ४२० फुटांचा, आधीच्या मालकांनी २०१६ साली मारलेला. ते साल इथल्या माणसाला विचारा. त्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं होतं. दोनशे फुटांवरचे बोअर कोरडे पडले आणि ज्याच्याकडं पैसा होता तो खाली खाली जात राहिला. आपल्याकडं खाली काळा पाषाण. पाणी मिळतं ते त्याच्या भेगांत, आणि जितकं खोल तितकं ते दगडात जास्त काळ मुरलेलं असतं. त्यात चुना आणि मॅग्नेशियम विरघळतं. डोळ्याला दिसत नाही, पण तुरीची डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, स्टीलचा तांब्या वाळला की पांढरा होतो. तुमच्या घरात ह्या तिन्ही गोष्टी आहेत, मॅडमना विचारा.

हेच पाणी तापलं की विरघळलेला चुना सुटा होऊन ट्यूबमध्ये, टाकीच्या तळाला आणि गीझरच्या कॉइलवर थर धरतो. कॉइलवर थर बसला की लाईट जास्त खाते आणि एक दिवस कॉइल जाते. मीटर तुमच्यासमोर लावला, टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) ११०० दाखवला. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याला ५०० चांगलं, दुसरी सोयच नसली तर २००० पर्यंत चालतं. म्हणजे तुमचं पाणी वाईट आहे असं मी म्हणालोच नाही. जड आहे म्हणालो. टीडीएस मीटर नुसता जडपणा दाखवत नाही, सगळे क्षार मिळून दाखवतो, तेही त्याच वेळी सांगितलं होतं. टाकीच्या तळातून चुन्याचे पापुद्रे निघाले ते ओट्यावर ठेवून दाखवले होते.

एप्रिलमध्ये मी सुचवलं होतं की गच्चीवर ५०० लिटरची वेगळी टाकी ठेवू, त्यात नळाचं, म्हणजे मांजरा धरणाचं पाणी घेऊ आणि सोलरला तेवढंच जोडू. नळ रोज येत नाही, पण आंघोळीपुरतं साठतं. तुम्ही खर्च वाढतो म्हणालात. ठीक आहे, मी आग्रह केला नाही. आता वाटतं करायला पाहिजे होता.

आणि खालच्या बाथरूमला आधी गार पाणी येतं हे खरं आहे, पण तो बिघाड नाही. गच्चीपासून तिथवर ४५ फूट पाइप आहे, त्यात रात्रभर उभं राहिलेलं साडेतीन-चार लिटर पाणी आधी निघणारच. ते बादलीत धरून झाडांना घाला.

फोनचं सांगतो. तुम्ही ज्या दिवशी ७ वेळा फोन केला तो दिवस येळवस होता. पुण्याकडं ही माहीत नसते. वेळ अमावस्येला आमच्याकडं अख्खं लातूर रानात असतं, कडब्याच्या कोपीत पांडव मांडतात, आंबील, भज्जी, उंडे असतात, कचेऱ्यांनाही सुट्टी असते. त्या दिवशी शहरात कुत्रंही दिसत नाही. माझा फोन गाडीत राहिला, शेतात रेंजही नव्हती. संध्याकाळी ६:४० ला मी स्वतः फोन केला आणि येळवसची कल्पना दिली, तेव्हा तुम्ही "बरं बरं" म्हणालात. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन तुमच्या घरी यायचं मनात होतं, ते राहिलं. आता कसं आणू?

दुसऱ्या वेळी ९५० घेतले, त्यात व्हॉल्व्ह आणि दोन जोड धरले आहेत, मजुरी लावली नाही. नोव्हेंबरच्या १,२०० चं काय करायचं ते आपण समोरासमोर बसून बोलू.

आणखी एक. रिव्ह्यू तुम्ही गुरुवारी रात्री ९ वाजता लिहिलात. व्हॉल्व्ह बसला ४ वाजता, पुसात ऊन उतरायला लागलेलं असतं. टाकीतलं सगळं पाणी आधीच गार झालेलं, त्याला तापायला एक दिवस तरी द्यायचा. शुक्रवारी संध्याकाळी मी फोन केला तर मॅडम म्हणाल्या, पाणी चांगलं कडक येतंय. ते तुम्ही लिहिलं नाही.

वडिलांनी हातपंपाची दुरुस्ती करत सायकलवर हा धंदा सुरू केला. आज दुकानावर ४ घरं चालतात. नवीन गिऱ्हाईक आधी फोनमध्ये स्टार बघतं, मग दुकानात पाय ठेवतं. म्हणून इतकं लिहिलं, राग मानू नका. मिस्त्रींना मी रिव्ह्यू दाखवला नाही. त्यांना वाचता येतं, पण दाखवला नाही.

यापुढं काम चालू असताना माणूस सामानाला गेला तर दुकानातून फोन करून कळवायचं ठरवलंय, आणि पाऊण इंची व्हॉल्व्ह कायम ठेवायचे. इतरही काही सुधारणा चालू आहेत.

खालच्या बाथरूमच्या मिक्सरला अजून व्हॉल्व्ह बसवायचा राहिला आहे. रविवारी सकाळी १० वाजता मी स्वतः मिस्त्रींबरोबर येतो, त्याचे पैसे नकोत. बेलला सेलवरची घंटी लावून देतो, तिचेही नकोत. निघताना फोन करीन. तेवढं गेटचं कुलूप काढून ठेवा.