आज काय झालं?

मी काही वर्षं एका दैनिकाच्या डेस्कवर काढली आहेत. तिथे बातमीदाराला विचारायचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा : "आज काय झालं?" एका संध्याकाळी एक तरुण बातमीदार कारखान्याच्या धुरावर चाळीस ओळी घेऊन आला. मी सवयीने तेच विचारलं. तो म्हणाला, "आज काही नाही झालं. रोज होतंय." मी म्हटलं, "मग बातमीला पेग काय?" पेग म्हणजे बातमी आजच छापायला लागणारं निमित्त. तो गप्प बसला.

पर्यावरण आणि माध्यमं असा विषय निघाला की 'जनजागृती' हा शब्द हमखास येतो. मला तो शब्द आताशा नकोसा झालाय. लोक झोपलेत आणि आपण त्यांना उठवायचंय, असं काहीसं त्यात असतं. धुरात राहणाऱ्याला धूर असल्याचं पेपरातून कळत नाही हो. खरी अडचण आमच्या धंद्याची आहे. आम्हाला घडलेलं कळतं, घडत असलेलं कळत नाही.

भोपाळचंच बघा. डिसेंबर १९८१ मध्ये युनियन कार्बाइडच्या कारखान्यात फॉस्जीन या विषारी वायूने एका कामगाराचा जीव गेला. राजकुमार केसवानी या स्थानिक पत्रकाराने त्याचा माग काढला, कागदपत्रं मिळवली आणि १९८२ पासून आपल्या 'रपट' या छोट्या साप्ताहिकात लिहायला लागले, की हे शहर ज्वालामुखीच्या तोंडाशी बसलंय. जून १९८४ मध्ये 'जनसत्ता' या हिंदी दैनिकातही त्यांनी तेच पुन्हा लिहिलं. पुढे सहा महिन्यांच्या आत, २ आणि ३ डिसेंबरच्या मधल्या रात्री, त्याच कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला आणि हजारो माणसं गेली. मग जगभरचे कॅमेरे आले. केसवानींना पुरस्कारही मिळाला.

म्हणजे इशारा छापून आला नव्हता, असं नाही. तो आधी छापून आला होता, आणि एकदा नव्हे. पण बाकीच्यांनी तो उचलला नाही. दुसऱ्याने फोडलेली बातमी आपण कशाला लावून धरायची, हा रोग डेस्कवर मी स्वतः पाहिलाय. खरं तर मलाही तो होता.

उलट, वादळाच्या वेळी हीच माध्यमं कमाल करतात. ओडिशात १९९९ च्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसं मेली. २०१३ मध्ये फायलिन आलं तेव्हा दहा लाखांच्या आसपास लोकांना आधीच हलवलं होतं आणि मृतांचा आकडा काही डझनांवर थांबला. श्रेय अर्थातच हवामान खात्याचं, प्रशासनाचं आणि गावोगावच्या निवाऱ्यांचं. पण 'अमुक वाजेपर्यंत निघा' हा निरोप घरोघरी नेण्यात रेडिओ-टीव्हीचा वाटा होताच. वादळाला नाव असतं, किनाऱ्याला धडकायची वेळ असते, नकाशावर फिरणारं चक्र असतं. आम्हाला आणखी काय हवं! भूजलात मुरणाऱ्या आर्सेनिकला यातलं काहीच नसतं.

अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमधली कायाहोगा नदी कारखान्यांच्या तेलकट घाणीमुळे कित्येकदा पेटली होती. हो, नदीच. जून १९६९ ची आग अर्ध्या तासाच्या आत विझली आणि तिचा फोटोही कुणाला मिळाला नाही. 'टाइम' या अमेरिकी साप्ताहिकाने त्यावर लिहिताना जो फोटो छापला तो १९५२ च्या आगीचा होता! देशभर गाजला तो. जुना फोटो खपवणं चूकच, पण मला खटकतं ते वेगळंच. सतरा वर्षांपूर्वी तो फोटो निघाला तेव्हा नदी तितकीच पेटलेली होती ना?

आणि ते 'दोन्ही बाजू' प्रकरण. हवामानबदलावरच्या चर्चेत एका खिडकीत शास्त्रज्ञ, दुसऱ्या खिडकीत 'मला नाही पटत' म्हणणारा गृहस्थ. २००४ मध्ये दोन अभ्यासकांनी अमेरिकेतल्या चार मोठ्या दैनिकांच्या १९८८ ते २००२ या काळातल्या बातम्या तपासल्या. निम्म्याहून जास्त बातम्यांत दोन्ही बाजूंना साधारण सारखंच वजन दिलेलं होतं, शास्त्रज्ञांमध्ये तसा सारखा वाद नसतानाही. पाऊस पडतोय की नाही यावर दोघांचं मत छापण्यापेक्षा बातमीदाराने खिडकीतून हात बाहेर काढून बघावं, एवढंच.

मला विचाराल तर उपाय फार भव्य नाही. शेअर बाजाराचा निर्देशांक रोज त्याच कोपऱ्यात छापतात, त्या दिवशी काही घडो न घडो. तसाच नदीच्या पाण्याचा, हवेचा, कचरा डेपोतल्या आगींचा आकडा रोज ठरल्या जागी छापा. महिन्यातून एकदा बातमीदाराला त्याच चिमणीपाशी परत पाठवा. पेग मागू नका. जाहिरात खातं कुरकुर करेल, ते निस्तरायला संपादक असतो.

त्या चाळीस ओळींचं काय झालं ते सांगायचं राहिलं. मी त्यांच्या बारा केल्या आणि पाचव्या पानावर सिंगल कॉलम लावली. मथळा दिला : 'धुरामुळे नागरिक त्रस्त'. कापलेल्या ओळींत कारखान्याचं नाव होतं आणि शेवटची तपासणी कधी झाली ती तारीख होती.