विमानात बसलं की एनआरआय?

"परदेशात नोकरी लागली? विमानात बसल्या दिवसापासून तुम्ही एनआरआय. तिकडे टॅक्स कापला जातो, दोन्ही देशांत करार आहे, त्यामुळे भारतात रिटर्न भरायची गरज नाही." आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर हा मेसेज तीनदा येऊन गेला. त्यातलं प्रत्येक वाक्य थोडं थोडं खरं आहे, घात तिथेच होतो.

बँकेपुरतं पहिलं वाक्य बरोबर. नोकरीसाठी देश सोडला की फेमा, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याने तुम्ही अनिवासी (एनआरआय). साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासींचं रुपयातलं खातं, करून घ्यायचं. पण आयकर खात्याला तुमच्या व्हिसाशी देणंघेणं नाही, ते दिवस मोजतं. नोकरीसाठी बाहेर पडणारा भारतीय नागरिक एप्रिल ते मार्चमध्ये १८२ दिवस इथे राहिला, तर तो निवासी, आणि तोही अख्ख्या वर्षासाठी. अर्धं वर्ष निवासी, अर्धं अनिवासी असा प्रकार आपल्याकडे नाही.

बोटांवर मोजून बघा. एप्रिल ते ऑगस्ट १५३ दिवस. निघायचा दिवस धरून २८ सप्टेंबरला होतात १८१, २९ ला १८२. मुंबईहून रात्री दीडचं विमान असेल तर तिकिटावर २९ तारीख आणि पासपोर्टवर शिक्का २८ चा, असंही होतं. इतक्या काठावरचं तिकीट काढूच नये. चार दिवस आधी निघालेलं बरं.

शिकायला जाणाऱ्यांना तर ही १८२ ची सवलतच नाही. निवासी ठरायला त्यांना ६० दिवस पुरतात, मात्र आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस इथे काढलेले हवेत, आणि ते कुणाचे नसतात? म्हणजे जुलैत म्युनिकला एमएस करायला गेलेली मुलगी त्या वर्षी निवासीच.

आता "करार आहे". एकाच कमाईवर दोनदा कर टाळणारा करार आहेच, जर्मनीशीही आहे. पण तो आपोआप लागू होत नाही. समजा २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये कुणी पुण्याहून म्युनिकला गेलं. २०२४-२५ साठी ती व्यक्ती निवासी, आणि निवासीला जगभरची कमाई दाखवावी लागते, म्हणून ऑक्टोबर ते मार्चचा जर्मन पगारही इथल्या रिटर्नमध्ये दाखवायचा. तिकडे भरलेल्या कराची वजावट हवी तर फॉर्म ६७ लागतो. शिवाय पगाराचं जर्मन खातं रिटर्नमधल्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात, शेड्यूल एफएमध्ये दाखवायचं, आणि त्या तक्त्याचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर! कर शून्य निघाला तरी परदेशात खातं असलेल्या निवासीला रिटर्न चुकत नाही. हे लपवलं तर काळ्या पैशाच्या कायद्याखाली १० लाखांचा दंड आहे. स्थावर सोडून परदेशातली बाकी मालमत्ता मिळून २० लाखांच्या आत असेल तर ऑक्टोबर २०२४ पासून दंडातून सूट आहे, पण दाखवण्यातून नाही.

बरं, २८ सप्टेंबरच्या आत निघून अनिवासी झालात, तरी एप्रिलपासूनचा इथला पगार जातो कुठे? २०२४-२५ मध्ये नव्या करप्रणालीत त्यातली करपात्र रक्कम ३ लाखांवर गेली की रिटर्न आलंच. आणि ते भरणं बहुधा फायद्याचंच, कारण कंपनीने वर्षभराच्या पगाराच्या अंदाजाने टीडीएस, म्हणजे पगारातून आधीच कर कापलेला असतो, तो रिटर्न भरल्याशिवाय परत येत नाही. एक मेख मात्र आहे: कमी उत्पन्नावरचा कर माफ करणारी कलम ८७ए ची सूट फक्त निवासींना. त्या वर्षी सव्वापाच लाख करपात्र उत्पन्नावर निवासीला शून्य, अनिवासीला ११,७०० रुपये.

जर्मनीतही सुटका नाही. तिथलं करवर्ष जानेवारीपासून. ऑक्टोबरात पोचलेल्याच्या जानेवारी ते सप्टेंबरच्या पुण्यातल्या पगारावर तिथे कर लागत नाही, पण कराचा दर ठरवताना तो धरला जातो. अशी रक्कम ४१० युरोंच्या वर गेली की तिथलं रिटर्नही सक्तीचं.

आणि निघण्याआधी एक करा. पगाराचा आणि कापलेल्या कराचा कंपनीचा दाखला, म्हणजे फॉर्म १६, पुढच्या जूनमध्ये येतो, तोवर ऑफिसचा ईमेल बंद झालेला असतो. एचआरकडे स्वतःचा ईमेल देऊन ठेवा. आधारला जोडलेलं सिमही बंद करू नका, रिटर्न व्हेरिफाय करायचा ओटीपी त्याच नंबरवर येतो.