तारीख आधीच माहीत असते, तरी सर्वोच्च न्यायालयातली जागा का रखडते?

18 ऑगस्ट 2025 ला कोल्हापुरात भाऊसिंगजी रोडवर मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचं कामकाज सुरू झालं. ज्यांनी त्याची अधिसूचना काढली, ते मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती आलोक आराधे 29 ऑगस्टला दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती म्हणून शपथ घेत होते. मध्ये अकरा दिवस. कोल्हापूरचा गुलाल अजून उतरला नव्हता. दिल्लीतली एक खुर्ची भरली की खाली कुठवर हालचाल होते, त्याचं हे घरचं उदाहरण. म्हणून कॉलेजियमच्या, म्हणजे नव्या न्यायमूर्तींची नावं सुचवणाऱ्या ज्येष्ठ न्यायमूर्तींच्या मंडळाच्या, बातम्या वकिलांनीच वाचायच्या, असं समजू नका.

अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश तहहयात असतो, त्यामुळे तिथं जागा कधी रिकामी होईल याचा भरवसा नाही. 2016 मध्ये न्या. स्कालिया वारले आणि ओबामांनी दिलेल्या नावाची रिपब्लिकन बहुमताच्या सिनेटने सुनावणीसुद्धा घेतली नाही. 2020 मध्ये न्या. गिन्सबर्ग गेल्या, तेव्हा त्याच पक्षाच्या सिनेटने निवडणुकीच्या तोंडावर आठवडाभर आधी बॅरेट यांना 52 विरुद्ध 48 ने बसवलं. राजकारण नागडं, पण समोर दिसणारं.

आपल्याकडे निवृत्ती 65 ला. शपथ घेतली त्याच दिवशी जागा कधी रिकामी होणार हे कळतं. 2019 च्या दुरुस्तीपासून सरन्यायाधीशांसह 34 जागा, आणि चौतीसही जणांची जन्मतारीख जगजाहीर. तरीही जागा रखडतात, कारण आपल्याकडचं राजकारण नाव नाकारण्यात कमी आणि लांबवण्यात जास्त आहे.

वाट अशी आहे. सरन्यायाधीश आणि चार ज्येष्ठ न्यायमूर्ती बसतात, हेच कॉलेजियम. उमेदवार ज्या उच्च न्यायालयातला, तिथून आलेल्या सर्वोच्च न्यायालयातल्या ज्येष्ठ न्यायमूर्तींचं मत लेखी घेतात. शिफारस कायदामंत्र्यांकडे, तिथून पंतप्रधान, मग राष्ट्रपतींची सही, राजपत्र, शपथ. सरकार एकदा नाव परत पाठवू शकतं. कॉलेजियमने तेच नाव पुन्हा पाठवलं तर ते बंधनकारक. ऐकायला चोख. पण सर्वोच्च न्यायालयाच्या नेमणुकीच्या कार्यपद्धतीत सरकारने किती दिवसांत उत्तर द्यायचं, हे लिहिलेलंच नाही. परत न पाठवता फाईल नुसती ठेवून दिली, तर पुन्हा शिफारस करायची तरी कशी?

आणि सगळा दोष सरकारवर टाकून मोकळं होता येत नाही. 2022 बघा. सरन्यायाधीश उदय लळीत, मूळचे सिंधुदुर्गातले, म्हणजे आपल्या बेंचच्या सहा जिल्ह्यांतलेच. कारकीर्द 74 दिवसांची. 26 सप्टेंबरच्या बैठकीत मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता यांच्या नावावर एकमत झालं. बाकीच्या नावांसाठी 30 सप्टेंबरला बैठक ठरली. त्या दिवशी न्या. चंद्रचूड यांचं कोर्ट रात्री नऊनंतरही चालू होतं, बैठक झाली नाही. लळीतांनी चार नावं पत्राने फिरवून मत मागवलं. न्या. कौल आणि न्या. जोसेफ यांनी होकार दिला. न्या. चंद्रचूड आणि न्या. नझीर यांनी नावांवर नाही, तर पत्राने मत मागवण्याच्या पद्धतीवर हरकत घेतली. 7 ऑक्टोबरला कायदामंत्र्यांचं पत्र आलं, तुमचा वारसदार सुचवा. संपलं. जाणारे सरन्यायाधीश शेवटच्या महिन्यात शिफारशी करत नाहीत, हा संकेत. एक हुकलेली संध्याकाळ आणि चार नावं पुढच्या सरन्यायाधीशांच्या टेबलावर. आणि ज्या दत्तांवर एकमत होतं, त्यांचीही शपथ डिसेंबर उजाडल्यावर झाली.

आता ज्येष्ठतेचा निकष. जानेवारी 2018 मध्ये इंदू मल्होत्रा आणि के. एम. जोसेफ (वर 2022 मध्ये आलेले तेच) यांची नावं एकत्र गेली. मल्होत्रा एप्रिलमध्ये न्यायमूर्ती झाल्या, जोसेफ यांचं नाव परत आलं. सरकारची कारणं अशी: देशाच्या ज्येष्ठता यादीत ते 42 वे, आणि केरळला आधीच प्रतिनिधित्व आहे. उत्तराखंडमधली राष्ट्रपती राजवट 2016 मध्ये त्यांनीच रद्द केली होती, हे त्या कारणांत अर्थातच नव्हतं. पुन्हा शिफारस झाली, ऑगस्टमध्ये शपथ झाली, पण त्या दिवशीच्या तिघांत क्रम तिसरा.

आणि 2025 मध्ये आराधे यांच्याबरोबर विपुल पांचोली यांचं नाव गेलं. बातम्यांनुसार ते 57 वे, आणि त्यांच्या नावाला न्या. नागरत्ना यांनी कॉलेजियममध्ये असहमती नोंदवली. 25 ऑगस्टला शिफारस, 27 ला अधिसूचना. बेचाळिसावा क्रमांक चालत नाही आणि सत्तावन्नावा दोन दिवसांत चालतो, तर तो निकष नव्हे, सबब आहे. पांचोली यांच्या पात्रतेबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण कॉलेजियमच्या प्रसिद्ध निवेदनात त्या असहमतीचा एक शब्दही नव्हता, हे खटकतं.

क्रमाला एवढं महत्त्व का? सर्वांत ज्येष्ठ तो सरन्यायाधीश, हा संकेत आहे, आणि ज्येष्ठता शपथेच्या क्रमाने ठरते. गोकुळ दूध संघाच्या किंवा एखाद्या साखर कारखान्याच्या पॅनेलमध्ये नावं ठरतानाच पुढचा चेअरमन कोण हे जाणत्यांना कळतं, तसंच हे. पांचोली यांची शपथ झाली तेव्हाच ऑक्टोबर 2031 मध्ये ते सरन्यायाधीश होणार हे गणित पक्कं झालं. 31 ऑगस्ट 2021 ला शपथ घेतलेल्या नागरत्ना 2027 मध्ये पहिल्या महिला सरन्यायाधीश होतील, त्याही जेमतेम 36 दिवसांसाठी. फाईल कुणाची आधी हलते यावर देशाचा पुढचा सरन्यायाधीश ठरतो.

यावर 2014 चा न्यायिक नियुक्ती आयोग हा उपाय होता, असं म्हणणारे बरेच आहेत. मला पटत नाही. सहा सदस्य आणि त्यातल्या कुणाही दोघांना नाव अडवण्याचा अधिकार, म्हणजे रखडवण्याला कायद्याचाच शिक्का. 2015 मध्ये तो 4 विरुद्ध 1 ने रद्द झाला, बरं झालं. त्यापेक्षा दोन साध्या गोष्टी करा. उच्च न्यायालयांच्या नेमणुकांसाठी एप्रिल 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुदती घालून दिल्या, पुन्हा शिफारस झाली तर तीन-चार आठवड्यांत नेमणूक व्हावी असं सांगितलं. तशाच मुदती स्वतःच्या जागांनाही लावा, त्या पाळल्या जातात का हेही बघा. आणि असहमती असेल तर कारणासकट संकेतस्थळावर टाका.

कोल्हापूरकर वकील मंडळींसाठी एक शेवटचं. आपलं बेंच राज्य पुनर्रचना कायदा 1956 च्या कलम 51(3) खाली आहे, म्हणजे मुख्य न्यायमूर्तींचा निर्णय आणि राज्यपालांची मंजुरी. कायम खंडपीठ हवं असेल तर 51(2) लागतं. तिथं आदेश राष्ट्रपतींचा, पण राज्यपालांबरोबर मुख्य न्यायमूर्तींचाही सल्ला घ्यावाच लागतो. तेव्हा मुंबईत त्या खुर्चीवर कोण असेल आणि ते दिल्लीला कधी जाणार, हे पाहूनच निवेदनाची तारीख ठरवा.