आधी आजीला शिकवा

तीन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात माझ्या भाच्याच्या हातावर उकळता चहा सांडला. दीड वर्षाचं लेकरू. औसा तालुक्यात आमचं गाव, तिथल्या माहेरच्या घरातली गोष्ट. ओट्याच्या कडेला पातेलं, पातेल्याखाली लोंबणारं फडकं, आणि दिसेल ते धरून उभं राहायचं त्याचं वय. तो किंचाळला तसं घरातल्या पाच बायकांनी पाच उपाय सांगितले. हळद लावा, बटाटा किसा, शाई लावा, बर्फ आणा, पेस्ट लावा. पेस्ट जवळ होती म्हणून पेस्ट लागली. ती मीच आणून दिली.

लातूरला दवाखान्यात ती वाळलेली पेस्ट भिजवून भिजवून काढावी लागली. ते काढताना तो जसा रडला तसा भाजताना रडला नव्हता. डॉक्टरांनी आम्हाला एकच प्रश्न विचारला, "पाणी किती वेळ ओतलं?" आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो. पाणी कुणी ओतलंच नव्हतं.

हा प्रश्न मी तीन वर्षं डोक्यात घेऊन फिरतेय. भाजल्यावर साधं गार पाणी २० मिनिटं ओतायचं, हे पुढे कुठेही वाचलं तरी तेच सापडलं. मग आमच्या घरातल्या पाचही बायकांना ते का सुचलं नाही? मला वाटतं, त्याचं कारण आपल्या मातीतच आहे. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं. ज्या घरात आठ-दहा दिवसांनी नळ येतो, जिथे भाजी धुतलेलं पाणी झाडाला जातं, तिथे बाईचा हात तांब्याकडे वळत नाही. पाणी सांडणं म्हणजे पाप, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलंय. 'नळाखाली २० मिनिटं हात धरा' असं कुठल्या तरी पत्रकात छापून आपलं काम होणार नाही.

म्हणून मी आता असं सांगते. मोठं घमेलं किंवा टब घ्या. लेकराचा भाजलेला भाग त्यावर धरा आणि तांब्याने हळूहळू पाणी ओतत राहा. घमेल्यात साठलेलं पाणीच पुन्हा तांब्यात घ्या, कोमट झालं की बदला. बादलीभर पाण्यात भागतं. वाहत्या पाण्याइतकं हे चांगलं नाही, पण पेस्ट-हळदीपेक्षा लाख पटीने बरं. २० मिनिटं म्हणजे घड्याळात बघून २०, कारण लेकरू रडायला लागलं की दोन मिनिटंच वीस वाटतात. घाबरण्यात वेळ गेला असेल तरी सोडून देऊ नका. तीन तासांच्या आत ओतलेल्या पाण्याचाही उपयोग होतो. बर्फ नको, त्याने कातडी आणखी दुखावते. बाकीचं अंग मात्र पांघरुणात ठेवा, लहान बाळ चटकन गार पडतं.

आणि एक गोष्ट जी कुठल्याच पत्रकात मला दिसली नाही. हातातल्या बिंदल्या, मनगटातला काळा दोरा, पायातले वाळे लगेच काढा. भाजलेला भाग तासाभरात सुजतो आणि मग चांदीचं कडं कापून काढायची वेळ येते. कपडा काढा, पण कातडीला चिकटला असेल तर ओढू नका. फोड फोडू नका. धुतलेल्या जुन्या सुती धोतराचा तुकडा सैलसर झाका आणि निघा. तोंड, हात, पाय, सांधा किंवा जांघ भाजली असेल, किंवा जखम लेकराच्या तळहातापेक्षा मोठी असेल, तर घरी बघत बसायचं नाही. बाळ वर्षाच्या आतलं असेल तर भाजलेलं किती का असेना, दाखवायचंच.

आता माझं खरं म्हणणं. प्रथमोपचार आपण चुकीच्या माणसांना शिकवतोय. शाळेतल्या मास्तरांना शिकवतो, बसच्या ड्रायव्हरला शिकवतो, कारखान्यातल्या कामगारांना शिकवतो. ते सगळं हवंच. पण दुपारी दोन वाजता लेकराजवळ कोण असतं? आजी. आई शेतात खुरपायला गेलेली, नाहीतर नोकरीवर. बीड, धाराशिवकडची ऊसतोड करणारी जोडपी दिवाळीच्या आगेमागे कारखान्यावर जातात, पुढचे पाच-सहा महिने कितीतरी लेकरं आजी-आजोबांकडेच असतात. ते पहिलं अर्धं मिनिट आजीच्या हातात आहे, आणि तिला कुणी बसवून, समजावून एक गोष्ट सांगितलेली नाही.

उलट आपण तिला रागावतो. 'अडाणीपणा आहे नुसता' म्हणतो. मीही त्या दिवशी आईला म्हणाले होते, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. बैलगाडीशिवाय दवाखाना गाठता येत नव्हता त्या काळात या बायकांनी आम्हाला वाढवलंय. तळहात कपाळाला लावून ताप किती ते सांगतात. त्यांना हुकूम नको, कारण सांगा. आई म्हणाली, "पेस्ट गार लागती की गं." मी सांगितलं, वरून गार लागते, पण आतली आग ती आतच कोंडते, पाणी ती आग ओढून घेतं. चुलीवरून उतरवलेला तवा आतून किती वेळ गरम राहतो ते तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत. तिला लगेच पटलं. आता आमच्या गल्लीत कुणी पेस्ट लावत नाही, कारण तीच लावू देत नाही.

घशात काही अडकलं तर बायका पहिल्यांदा तोंडात बोट घालतात. तेच करायचं नाही. शेंगदाणा, फुटाणा, बोराची आठोळी, सीताफळाची बी बोटाने आणखी खाली सरकते. लेकरू जोरात खोकत असेल तर खोकू द्या, मध्ये पडू नका. आवाज बंद झाला, ओठ निळे पडायला लागले तर मात्र थांबायचं नाही. वर्षाच्या आतलं बाळ हातावर पालथं घ्या, डोकं खाली, जबडा आपल्या हाताने धरलेला. दोन खांद्यांच्या मधोमध तळहाताच्या टाचेने पाच थापा. नाही निघालं तर उताणं करून छातीच्या मधोमध पाच वेळा दाबा. परत थापा. वर्षाच्या वरच्याला वाकवून पाच थापा, मग मागून मिठी मारून बेंबीच्या जरा वर मूठ ठेवून आत आणि वर पाच झटके. दुसऱ्या कुणीतरी तोवर १०८ ला फोन लावायचा. हे वाचून येत नाही. उशी घेऊन दोनदा करून बघा, आजीच्या हातात उशी देऊन करायला लावा. आणि पाच वर्षांखालच्या लेकराला अख्खे शेंगदाणे देऊ नका, कूट करून द्या.

विंचवाचं. आपल्याकडे लाल विंचू आहे, आणि लहान लेकरासाठी तो नुसता दुखण्याचा प्रश्न नसतो. दरदरून घाम, हातपाय गार, उलट्या, म्हणजे विष हृदयापर्यंत गेलंय. डॉ. हिंमतराव बावसकर आपल्या जालना जिल्ह्यातल्या देहेडचे. महाडला राहून त्यांनी दाखवून दिलं की रक्तदाबावरच्या प्राझोसिन या औषधाने अशी माणसं वाचतात. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मराठवाड्यातल्या माणसाने शोधलेला उपाय दवाखान्यात हजर असताना आपण लेकराला मंत्र घालायला घेऊन बसतो, याचा मला मनापासून त्रास होतो. विंचू चावला की दवाखाना. गंडा, दोरा, चिरा काही नाही.

सापाचंही तसंच, पण मण्यारबद्दल एवढं लक्षात ठेवा: तो रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावतो, सूज येत नाही, दुखतही फारसं नाही. पहाटे लेकरू पोट दुखतंय म्हणून रडलं, पापण्या उघडेनात, तर 'काही चावलं असतं तर कळलं असतं' म्हणू नका. चावलेला भाग हलू देऊ नका, घट्ट बांधू नका, लेकराला चालवू नका, उचलून न्या. सापाच्या विषावरचं इंजेक्शन सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं.

तापात आकडी आली तर कुशीवर वळवा, आजूबाजूचं लागणारं सामान बाजूला करा, घड्याळ बघा. तोंडात चमचा नको, पाणी नको, नाकाला कांदा-चप्पल नको. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८. पहिलीच वेळ असेल तर थांबली तरी दाखवाच. जुलाबाला ओआरएस, आणि पाकीट ज्या मापाचं असेल तेवढ्याच पाण्यात, आज अर्धं उद्या अर्धं असं नाही. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा.

दोन गोष्टींवर मला उपचार सांगायचाच नाही, कारण तिथवर जाऊच नये. कापूस-सोयाबीनची फवारणी झाल्यावर उरलेलं औषध पाण्याच्या बाटलीत ओतून ठेवू नका. तहानलेलं लेकरू बाटली ओळखतं, औषध नाही. कुणी प्यालंच तर मीठ-पाणी पाजून उलटी करायला लावू नका. रॉकेल असेल तर मुळीच नाही. डबा सोबत घ्या आणि पळा. दुसरी गोष्ट पाण्याची. टंचाईमुळे आपल्या दारात हौद, टाकी, भरलेल्या बादल्या असतात. रांगणारं लेकरू वीतभर पाण्यातही बुडतं, आवाजसुद्धा होत नाही. हौदाला झाकण करा, रात्रीची बादली पालथी घाला. शेततळ्याच्या प्लास्टिकवरून मोठ्या माणसालाही वर येता येत नाही. कुंपण घाला, आणि गाठी मारलेला दोर काठावर कायमचा बांधून ठेवा.

भाचा आता साडेचार वर्षांचा आहे. मनगटावर डाग आहे, बोटं सगळी नीट वळतात.

या संक्रांतीला मी हळदीकुंकवाला प्लास्टिकचे डबे वाटले नाहीत. वाण म्हणून प्रत्येकीला ओआरएसची दोन पाकिटं आणि एक कागद दिला, त्यावर मोठ्या अक्षरात १०८ आणि जवळच्या सरकारी दवाखान्याचा नंबर, स्वयंपाकघरात चिकटवायला. तिळगूळ झाल्यावर मधोमध घमेलं ठेवलं, आणि आईने तांब्या हातात घेऊन शेजारच्या आजींचा हात घमेल्यावर धरला. घड्याळ लावून. पाच मिनिटांनी कुणीतरी म्हणालं, "झालं की आता." आई म्हणाली, "अजून पंधरा राहिले, बस खाली."