ते बोलले, म्हणून मी बोललो असतो

पन्नाशीच्या उंबरठ्यावर मी स्पॅनिश शिकू लागलो, तेव्हा वर्तमानकाळाने मला गाफील ठेवले. ‘आब्लार’ म्हणजे बोलणे, ‘आब्लो’ म्हणजे मी बोलतो. एवढ्या भांडवलावर मी कचेरीत भाव खाऊ लागलो होतो. मग एके दिवशी बाईंनी फळ्यावर ‘इम्परफेक्ट सब्जंक्टिव्ह’ असे लिहिले, म्हणजे आपल्याकडे ‘असते तर’ जे काम करते तेच, आणि वर ‘हे अगदी सोपं आहे’ असेही म्हणाल्या.

नियम ऐकायला सोपाच आहे. ‘मी बोललो असतो तर’ असे म्हणायचे असेल, तर आधी ‘ते बोलले’ म्हणजे ‘आब्लारोन’ हे रूप आठवायचे, त्याचे ‘रोन’ हे शेपूट छाटायचे आणि उरलेल्या ‘आब्ला’ला रा, रास, रा, रामोस, राइस, रान हे प्रत्यय जोडायचे. थोडक्यात, माझ्या आयुष्यात कधीही न घडलेली गोष्ट सांगण्यासाठीसुद्धा आधी चार लोकांनी काय केले ते पाहावे लागते; अर्थात शेजारच्या मुलांचे गुण ऐकत वाढलेल्या माणसाला ही पद्धत नवी नाही. त्यातला ‘राइस’ लॅटिन अमेरिकेत वापरत नाहीत, हे कळताच मी मनातल्या मनात मेक्सिकोत स्थायिक झालो. पण ‘रा’ऐवजी ‘से’ लावून होणारा दुसरा संचही तितकाच शुद्ध असल्याचे समजले, आणि तो आनंद मावळला.

या ‘रा’ रूपाचा लॅटिन पूर्वज म्हणे ‘बोलला होता’ असे ठणकावून, घडलेलेच सांगत असे. आता त्याचा वंशज बहुतेक ‘असते तर’वर गुजराण करतो. निवृत्त अधिकाऱ्यांच्या बाबतीत मी हे पाहिले आहे.

परीक्षेत मी ‘ओहाला’ या शब्दाने वाक्य सुरू केले. ‘देवाने मनात आणले तर’ या अर्थाच्या अरबी बोलांतून तो स्पेनमध्ये रुजला. माझा साहेब कमी बोलता तर किती बरे झाले असते, असे मला म्हणायचे होते. पण ‘आब्लारा’च्या शेवटच्या स्वरावर मी हौसेने आघाताची तिरपी रेघ ओढली आणि त्याचा अर्थ ‘बोलेल’ असा झाला.

“तुम्ही इच्छा नाही, भविष्य सांगितलंत,” बाई म्हणाल्या, आणि त्यांनी दोन गुण कापले. साहेबांना ओळखणाऱ्या कोणीही चारही कापले असते.

तेव्हापासून दिवेलागणीला मी परवचा म्हणावा तसे प्रत्यय घोकत बसतो. परवा ‘आब्लारामोस, आब्लारामोस’ चालले असताना आतून आईचा समाधानी आवाज आला, “चला, या वयात का होईना, रामाचं नाव तरी तोंडात आलं.”